संत जोसेफ वाझ : नित्य प्रार्थनेतून उभी राहिलेली ख्रिस्तसभा



विठ्ठलवाडी, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात कुटुंबांच्या भेटी घेताना एक गाऱ्हाणे हमखास कानी पडते. पूर्वी घरात दररोज सायंकाळी जपमाळ होत असे, आता होत नाही. वडील मुंबईहून लोकलने परततात तेव्हा रात्रीचे नऊ वाजून गेलेले असतात, आईची दुसरी पाळी असते, मुले शिकवणीला गेलेली असतात. सगळे एकत्र बसावेत अशी घटकाच दिवसात उरत नाही. मग वर्षातून एकदा साधनेला जायचे, सप्टेंबरमध्ये मोतमावलीच्या जत्रेला जायचे, ऑक्टोबरमध्ये शेजाऱ्यांकडे जपमाळ आली की तिथे बसायचे, आणि त्यावर वर्षभराची शिदोरी बांधायची. सांगणाऱ्याच्या स्वरात अपराधीपणा असतो. आपली श्रद्धा हळूहळू पातळ होते आहे हे त्याला स्वतःलाच जाणवत असते.

अशा वेळी मला दर वर्षी १६ जानेवारीस ज्यांचा सण येतो त्या संत जोसेफ वाझ यांचे स्मरण होते. पण त्यांच्याकडे वळण्याआधी आपल्याच परिसरातील एका जुन्या गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. सहाव्या शतकात कॉस्मास नावाच्या अलेक्झांड्रियाच्या प्रवाशाने ज्या ‘कल्लियाना’ बंदरात बिशप असल्याचे लिहून ठेवले, ते बंदर म्हणजे आपले कल्याण होय, असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे इ. स. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन व्रतस्थ ठाण्यास आले व तेथे रक्तसाक्षी झाले, तेव्हा ठाण्यात ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असा उल्लेख प्रवासी ओदोरिक यांनी केला आहे. त्या कल्याणच्या बिशपांची प्रजा कोठे गेली? त्या पंधरा घरांचे पुढे काय झाले? आज त्यांचा मागमूस नाही. एखादा ख्रिस्ती समाज असा नाहीसाही होऊ शकतो, आणि एखादा समाज धर्मगुरू नसताना, मंदिर नसताना, राजसत्ता विरोधात असताना तीस-तीस वर्षे टिकूही शकतो. फादर वाझ यांची कथा ही या दुसऱ्या प्रकारच्या समाजाची कथा आहे.

जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी गोव्यातील साष्टी प्रांतात, बाणावली या आजोळच्या गावी झाला. वडील क्रिस्तोव्हाव वाझ हे सांकवाळचे, आई मारिया द मिरांडा. सहा मुलांमधले हे तिसरे. जन्मानंतर आठव्या दिवशी बाणावलीच्या संत जॉन बाप्टिस्ट चर्चमध्ये त्यांचा स्नानसंस्कार झाला. घर कोकणी ब्राह्मण ख्रिस्ती, खाऊनपिऊन सुखी आणि भाविक. लहानपणी ते सांकवाळला पोर्तुगीज व बाणावलीला लॅटिन शिकले. नंतर जुन्या गोव्यातील जेझुइटांच्या संत पॉल महाविद्यालयात आणि डॉमिनिकनांच्या संत थॉमस अक्वायनस विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. इ. स. १६७६ मध्ये आर्चबिशप ब्रांदाव यांच्या हस्ते त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली.

दीक्षेनंतर त्यांनी पायातील जोडे काढून ठेवले आणि गरिबांप्रमाणे अनवाणी चालू लागले. आज हे आपल्याला एखाद्या उत्साही तरुणाचे व्रत वाटेल. परंतु त्या काळच्या गोव्यात धर्मगुरूचे जोडे ही प्रतिष्ठेची खूण होती, आणि एतद्देशीय धर्मगुरूला ती प्रतिष्ठा आधीच तोलूनमापून मिळत असे. युरोपीय व्रतस्थ संघांची दारे त्यांच्यासाठी जवळजवळ बंद होती, मोठ्या धर्मग्रामांची सूत्रे परदेशी संघांच्या हाती होती, आणि आपल्या लोकांना मात्र मदतनिसाची जागा. या गोष्टींबद्दल फादर वाझ यांनी काही तक्रार मांडल्याचे दिसत नाही. त्यांनी सांकवाळला धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली, आणि गावोगावी प्रवचने देऊ लागले.

५ ऑगस्ट १६७७ रोजी सांकवाळच्या आरोग्यमातेच्या वेदीपुढे त्यांनी एक दस्तऐवज लिहिला. त्याद्वारे त्यांनी स्वतःला पवित्र मरियेचा आजन्म दास म्हणून लिहून दिले. गोव्याच्या बाजारात त्या काळी माणसे खरेदी केली जात, दासांचे कागद होत. अशाच कागदाची भाषा त्यांनी प्रार्थनेसाठी वापरली. सांकवाळचे ते चर्च इ. स. १८३४ मध्ये आगीत जळाले. आज त्याची फक्त दर्शनी भिंत उभी आहे. कागदावर सही करणारे अनेक असतात. फादर वाझ यांनी पुढची ३३ वर्षे त्या सहीची परतफेड दररोज जपमाळेने केली.

इ. स. १६८१ मध्ये त्यांना कानडा प्रांतात पाठविण्यात आले. केळदीच्या नायकांनी किनाऱ्यावरील पोर्तुगीज ठाणी जिंकल्यापासून तेथील ख्रिस्ती लोकांचे हाल झाले होते. चर्चच्या अधिकारक्षेत्राचा वादही चिघळला होता. पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयाखालील गोव्याचा महाधर्मप्रांत एकीकडे आणि रोमहून थेट नियुक्त झालेले बिशप दुसरीकडे, असा तो झगडा होता. लोकांनी कोणाकडून संस्कार घ्यावेत हेच त्यांना कळेना. फादर वाझ यांना गोव्याची बाजू सांभाळायची होती. त्यांनी ती सांभाळली, पण विरोधी बिशपांची भेट घेऊन नम्रपणे तोडगाही काढला. या प्रकरणाचा इतिहास कंटाळवाणा आहे. त्यातून लक्षात ठेवण्यासारखे एवढेच की मंगळूर, बसरूर, गंगोळी, कल्याणपूर या भागांत ते पायी हिंडले, पडलेली चर्च दुरुस्त केली, मुलांसाठी लहान शाळा उघडल्या आणि बंद पडलेले भक्तिसंघ पुन्हा सुरू केले. मंगळूरजवळील मुडिपू येथे आजही त्यांच्या नावाचे तीर्थस्थान आहे.

गोव्यास परतल्यावर त्यांना जुन्या गोव्यातील ‘चमत्कारी पवित्र क्रूस’ चर्चपाशी राहणारे काही एतद्देशीय धर्मगुरू भेटले. या मंडळींना एकत्र राहून प्रार्थना करायची होती. पण त्यांना स्वीकारील असा संघ कोणता? २५ सप्टेंबर १६८५ रोजी फादर वाझ त्यांच्यात सामील झाले आणि प्रमुख म्हणून निवडले गेले. संत फिलिप नेरी यांच्या ओरेटरीच्या धर्तीवर त्यांनी या मंडळीची घडी बसवली. दररोज ठरलेल्या वेळी मौन प्रार्थना, सायंकाळी आत्मपरीक्षण, साधे जेवण, लोकांमध्ये प्रवचन आणि प्रायश्चित्त संस्कार. भारतीय धर्मगुरूंनी भारतीय धर्मगुरूंसाठी उभारलेला हा पहिला संघ. त्याचे चर्च आज भग्नावस्थेत आहे, परंतु त्या शिस्तीतून जे घडले ते गोव्याबाहेर, समुद्रापलीकडे पाहावयास हवे.

श्रीलंकेच्या किनारपट्टीवर पोर्तुगीजांचे राज्य दीर्घकाळ होते. डचांनी इ. स. १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना घेतले. डच कंपनी कॅल्व्हिनपंथीय होती. कॅथोलिक धर्मगुरूंना देशाबाहेर काढण्यात आले, चर्च ताब्यात घेऊन सुधारित पंथाची मंदिरे आणि शाळा करण्यात आली, आणि कॅथोलिक धर्मगुरूला आश्रय देणाऱ्यास मृत्युदंड फर्मावण्यात आला. विवाह व बालकाचा स्नानसंस्कार यांची कायदेशीर नोंद हवी असेल तर सुधारित पंथाच्या दारी जावे लागे. अशा रीतीने एक पिढी लोटली. त्यांच्या दुर्दशेची वार्ता ऐकून गोव्यातील अनेकांनी हळहळ व्यक्त केली असेल. फादर वाझ यांना वाटले की तेथे जायला हवे. युरोपीय धर्मगुरू तेथे उतरताक्षणीच ओळखू आला असता. त्यांचा स्वतःचा सावळा वर्ण मात्र या कामी उपयोगी पडणार होता. ज्या वर्णामुळे गोव्यात दारे बंद होत, त्याच वर्णाने एक दार उघडले.

इ. स. १६८६ मध्ये त्यांनी गोवा सोडला, तो कायमचा. बरोबर जॉन नावाचा विश्वासू सेवक होता. कानडा, केरळ आणि तुतिकोरीन असा प्रवास करीत ते इ. स. १६८७ मध्ये जाफन्याच्या किनाऱ्यास लागले. अंगावर मजुराचे वस्त्र. समुद्रावरील हालअपेष्टा, उपासमार आणि दूषित पाणी यांमुळे दोघेही अतिसाराने आजारी पडले. रोग इतरांना लागेल या भीतीने त्यांना वस्तीपासून दूर नेऊन टाकण्यात आले. तेथे एक स्त्री त्यांना तांदळाची पेज आणून देत असे. तिचे नाव इतिहासाने टिपलेले नाही. श्रीलंकेच्या ख्रिस्तसभेचे पुनरुज्जीवन त्या पेजेच्या वाडग्यापासून सुरू झाले असे म्हणायला हरकत नाही.

बरे वाटू लागल्यावर प्रश्न उभा राहिला तो कॅथोलिकांना शोधण्याचा. विचारायचे कोणाला? चुकीच्या माणसाला विचारले तर फास त्या माणसाच्याच गळ्यात नव्हे, तर जो पुढे आश्रय देईल त्याच्याही गळ्यात. फादर वाझ यांनी एक साधी युक्ती केली. गळ्यात मोठी जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागू लागले. कोणी हाकलले, कोणी मूठभर तांदूळ दिले. ते मात्र पाहात राहिले ते लोकांच्या डोळ्यांकडे. जपमाळ पाहून कोणाचा चेहरा बदलतो, कोण दुसऱ्यांदा वळून पाहतो, कोण आतून कोणाला बोलावून आणतो. शेवटी एका घरात ओळख पटली. त्यांनी सावधपणे विचारले की धर्मगुरू आला तर तुम्हाला आवडेल का, आणि मग आपण कोण आहोत ते सांगितले.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. ती जपमाळ त्या घराला कशी ओळखता आली? डचांना जाफना घेऊन जवळजवळ तीस वर्षे झाली होती. ज्या तरुणाने इतक्या वर्षांत धर्मगुरू पाहिलाच नाही, त्याच्यासाठी ती मण्यांची माळ इतर कोणत्याही माळेसारखीच असायला हवी होती. ती तशी नव्हती, कारण घरात कोणीतरी ती चालू ठेवली होती. दार लावून, दिवा मंद करून, हलक्या आवाजात आई किंवा आजी मणी सरकवीत असणार आणि मुले झोपेने पेंगत उत्तरे देत असणार. त्यांना धर्मशास्त्र ठाऊक नव्हते. क्रुसाची खूण, प्रभूची प्रार्थना, नमो मरिया एवढेच त्यांच्यापाशी होते. फादर वाझ यांनी श्रीलंकेत श्रद्धेचे रोप लावले असे आपण सहज म्हणून जातो. खरे तर निखारा त्या घरांनी राखेखाली जपला होता. त्यांनी येऊन राख बाजूला केली.

जाफन्यात फार दिवस राहणे धोक्याचे होते. कॅथोलिकांनी त्यांना सिल्लालई या गावी नेले. ते गाव श्रद्धेत घट्ट होते. तेथे सुमारे दोन वर्षे त्यांचे ठाणे राहिले. दिवसा ते लपत, रात्री बाहेर पडत. एका घरी प्रायश्चित्त संस्कार, दुसऱ्या घरी बालकांचे स्नानसंस्कार, मध्यरात्रीनंतर कोठेतरी मिस्साबलिदान, आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा लपण्याची जागा. पोर्तुगीज व कोकणी ही त्यांची शिक्षणाची आणि घरची भाषा. आता वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ते तमिळ शिकले, कारण मुलांना प्रार्थना शिकवायची तर ती त्यांच्या आईच्या भाषेत शिकवायला हवी होती. इ. स. १६८९ च्या नाताळच्या रात्री मिस्सासाठी जमलेल्या लोकांवर डच शिपायांनी धाड घातली. अनेकांना पकडले, काहींना निर्दयपणे मारले. फादर वाझ त्यांच्या हाती लागले नाहीत. त्यांच्यासाठी इतरांनी मार खाल्ला, याची आठवण त्यांना आयुष्यभर झाली असली पाहिजे.

तेथून ते पुत्तळमला गेले, आणि इ. स. १६९२ मध्ये डोंगराळ मुलखातील कँडीच्या राज्यात शिरले. कँडी स्वतंत्र होते. राजा विमलधर्मसूर्य दुसरा हा निष्ठावंत बौद्ध होता. आपल्या धर्मातील भिक्षुसंघ क्षीण झाल्याचे पाहून त्याने आराकानहून भिक्षू आणविले व दीक्षेची परंपरा पुन्हा सुरू केली. म्हणजे त्याच्या परीने तोही नवीकरणाच्याच कामात होता. परंतु दरबारातील एका फ्रेंच प्रोटेस्टंट गृहस्थाने फादर वाझ हे पोर्तुगीजांचे हेर असल्याचे राजाच्या कानावर घातले, आणि त्यांना बेड्या ठोकून बंदिवासात टाकण्यात आले.

बंदिवासात त्यांनी सिंहली भाषा शिकायला घेतली. पहारेकऱ्यांच्या लक्षात आले की हा माणूस पळून जाण्याचे काही करीत नाही, ठरलेल्या वेळी गुडघे टेकतो, ठरलेल्या वेळी उठतो, उरलेल्या वेळात अक्षरे गिरवतो. बंधने हळूहळू सैल झाली. त्यांनी आवारातच एक झोपडी बांधली, तिच्यात वेदी मांडली. आधी रात्रीच्या अंधारात एखाददुसरा कॅथोलिक येऊ लागला, मग कुटुंबे येऊ लागली. हेर असल्याचा आरोप कोणी खोडून काढला नाही. रोजच्या रोज दिसणाऱ्या त्या दिनचर्येनेच तो गळून पडला.

पुढे कँडीत मोठा दुष्काळ पडला. परंपरा सांगते की राजाने ख्रिस्ती धर्मगुरूलाही पावसासाठी प्रार्थना करण्यास सांगितले, त्यांनी चौकात वेदी व क्रूस उभारून गुडघे टेकले आणि पाऊस कोसळला, तरी ते व वेदी कोरडेच राहिले. ही कथा श्रीलंकेतील प्रत्येक कॅथोलिक बालकाला ठाऊक असते. तिच्यानंतर त्यांना राज्यात मोकळेपणाने फिरण्याची मुभा मिळाली. चमत्कारांच्या कथा आपल्याला आवडतात आणि माझाही त्यांना विरोध नाही. मात्र एक गोष्ट सांगावीशी वाटते. पाऊस एकदा पडला. त्यानंतर त्यांनी जी पायपीट केली ती अनेक वर्षे चालली, आणि मुले-माणसे श्रद्धेत स्थिरावली ती त्या पायपिटीने.

त्यांच्या कामाची पद्धत पाहण्यासारखी आहे. एवढ्या मोठ्या बेटावर एकटा धर्मगुरू कोठे कोठे पुरणार? एका गावी पुन्हा जायला वर्ष लागे, कधी अधिक. म्हणून ज्या गावी जात तेथे ते प्रापंचिकांपैकी दोन माणसे नेमत. एक ‘मूप्पू’, म्हणजे गावच्या ख्रिस्ती समाजाचा वडीलधारा. तो प्रार्थनागृहाची देखभाल पाहील, भांडणे मिटवील, धर्मगुरू येणार असल्यास निरोप पोहोचवील. दुसरा ‘अण्णावी’, म्हणजे प्रार्थना चालविणारा शिक्षक. रविवारी लोकांना एकत्र करून तो प्रार्थना म्हणवून घेई, मुलांना धर्मशिक्षण देई, प्रसंगी बालकाला स्नानसंस्कार देई, आणि मरणासन्न माणसाच्या उशाशी बसून त्याला पश्चात्तापाची प्रार्थना म्हणावयास लावी. तमिळ व सिंहली भाषांत प्रार्थना, धर्मबोध, क्रुसाची वाट अशी सामग्री त्यांनी तयार केली. छापखाना नव्हता. हाताने नकला काढायच्या आणि गावोगावी पोहोचवायच्या. लोक त्या पाठ करीत.

आजच्या भाषेत आपण याला प्रापंचिकांचा सहभाग म्हणतो आणि त्यावर परिसंवाद भरवतो. फादर वाझ यांच्यापाशी परिसंवादाला सवड नव्हती. धर्मगुरू पकडला गेला, मेला, हद्दपार झाला तरी रविवारची प्रार्थना चुकता कामा नये, एवढाच त्यांचा हिशेब होता.

इ. स. १६९६ च्या सुमारास गोव्याहून त्यांच्या ओरेटरीतील साथीदार येऊ लागले. त्यांत त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो होते. कोचीनच्या बिशपांनी फादर वाझ यांना श्रीलंकेचे व्हिकर जनरल नेमले. आणि लगेच परीक्षेची घडी आली. इ. स. १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ पसरली. राजा व सरदार शहर सोडून गेले. घरच्यांनीच रुग्णांना रानात नेऊन सोडले. मामा-भाचे दोघे मात्र शहरात राहिले. त्यांनी रुग्णांसाठी झोपड्या उभारल्या, त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना पेज भरवली, मेलेल्यांसाठी खड्डे खणले आणि त्यांना पुरले. रुग्ण बौद्ध आहे की ख्रिस्ती, असा प्रश्न त्यांनी केला नाही. दहा वर्षांपूर्वी ते स्वतः असेच वस्तीबाहेर टाकले गेले होते आणि कोणीतरी त्यांना पेज आणून दिली होती, हे वाचकांच्या लक्षात असेलच. साथ ओसरल्यावर राजाच्या मनात त्यांच्याविषयी उरलीसुरली शंकाही राहिली नाही.

इ. स. १७०५ मध्ये दिवाडीचे फादर याकोम गोन्साल्विस आले. हे भाषापंडित. त्यांनी सिंहली व तमिळ भाषांत विपुल ग्रंथरचना केली. त्यांच्या एका सिंहली ग्रंथाच्या नावातच ‘पुराण’ हा शब्द आहे. आपल्या मराठी वाचकांना येथे फादर थॉमस स्टीफन्स यांच्या इ. स. १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’ची आठवण होईल. लोकांना त्यांच्या परिचित घाटाचे, गाऊन-वाचून पाठ होणारे साहित्य द्यावे, ही दृष्टी गोव्याच्या मातीत रुजलेली होती आणि तीच समुद्रापलीकडे गेली. फादर वाझ स्वतः मोठे लेखक नव्हते. पण लेखकाला हेरून त्याला लिहिण्यास मोकळीक देणे हेही एक काम असते.

त्यांना बिशप करण्याचा विचार पोपमहोदयांच्या प्रतिनिधींच्या पातळीवर पुढे आला होता. त्यांनी तो नाकारला. अनवाणी चालणे, भुईवर झोपणे, मिळेल ते खाणे हा क्रम व्हिकर जनरल झाल्यावरही बदलला नाही. जंगलातील वाटेवर चालतानाही ठरलेली प्रार्थना ठरलेल्या वेळी होई. सोबत सेवक जॉन असे. मालक आणि सेवक दोघेही एकच जपमाळ म्हणत हजारो मैल चालले असतील.

इ. स. १७१० मधील एका दौऱ्यानंतर ते आजारी अवस्थेत कँडीस परतले. प्रकृती पुन्हा सुधारली नाही. अंथरुणावरूनच ते लोकांना भेटत, सहकारी धर्मगुरूंना सूचना देत. १७११ च्या जानेवारीत अंत जवळ आल्याचे त्यांना कळले. सहकारी भोवती जमले आणि त्यांनी काही अखेरचा उपदेश करावा अशी विनंती केली. त्यांनी जे सांगितले ते थोडक्यात असे होते की, जे करण्याची आयुष्यभर हयगय केली ते मरणाच्या घटकेला करणे सोपे नसते. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या कोणाही धर्मगुरूने हे वाचून अस्वस्थ व्हावे. मी झालो आहे. १६ जानेवारी १७११ रोजी, हाती पेटती मेणबत्ती घेऊन, त्यांनी देह ठेवला. त्यांच्या वयाला साठ वर्षेही पुरी झाली नव्हती.

त्यांच्यामागे श्रीलंकेत सुमारे ७०,००० कॅथोलिक, १५ चर्च आणि ४०० प्रार्थनागृहे होती असे त्यांचे चरित्रकार नमूद करतात. बहुतेक प्रार्थनागृहे माती आणि झावळ्यांची असणार. नवा राजा नरेंद्रसिंह यानेही मिशनवर लोभ ठेवला. मात्र अठराव्या शतकाच्या मध्यास कँडीच्या दरबाराचे धोरण फिरले, धर्मगुरूंना बाहेर घालविण्यात आले, चर्च उद्ध्वस्त झाली. डचांचे निर्बंध किनाऱ्यावर होतेच. ब्रिटिशांनी कॅथोलिकांविरुद्धचे कायदे रद्द केले ते इ. स. १८०६ मध्ये. तोवर गोव्याच्या ओरेटरीचे मूठभर धर्मगुरू आणि गावोगावचे अण्णावी यांनीच ती ख्रिस्तसभा चालविली.

आपल्याकडेही असा एक काळ येऊन गेला. इ. स. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई जिंकली आणि साष्टी-वसईतील युरोपीय व्रतस्थ निघून गेले. मागे एतद्देशीय धर्मगुरू राहिले, तेही संख्येने थोडे. आपल्या पणज्या-खापरपणज्यांच्या घरातील क्रुसापुढचा दिवा आणि सायंकाळची जपमाळ त्या काळातून पार होऊन आपल्यापर्यंत आली आहे. विठ्ठलवाडीच्या एखाद्या चाळीत रात्री सव्वानऊ वाजता, ताटे मांडण्यापूर्वी, कोणी एकच दशक म्हणत असेल, तर ते त्याच साखळीतले आहे. पूर्ण जपमाळ होत नाही म्हणून ते दशकही सोडून देणाऱ्यांना मी सिल्लालईची आठवण करून देतो.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी २१ जानेवारी १९९५ रोजी कोलंबो येथे जोसेफ वाझ यांना धन्यवादित घोषित केले. त्याच शहरात, समुद्रकाठच्या गॉल फेस मैदानावर, १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद बहाल केले. लाखो भाविक त्या विधीला हजर होते. सांकवाळ येथे त्यांच्या नावाचे तीर्थक्षेत्र आहे आणि जानेवारीत तेथे मोठी गर्दी होते. कँडीतील ज्या लहानशा चर्चमध्ये त्यांना पुरण्यात आले, ते मात्र नंतरच्या छळात नाहीसे झाले, आणि त्यांची कबर नेमकी कोठे होती हे आज कोणीही निश्चितपणे दाखवू शकत नाही.